पुराव्याचा पक्का पत्ता

२०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्याचा निकाल दिला. हिंसक व्हिडिओ गेम अल्पवयीन मुलांना विकण्यावर कॅलिफोर्निया राज्याने घातलेली बंदी राज्यघटनेत बसते का, हा त्यातला प्रश्न होता. न्यायालयाने बंदी रद्द केली. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो निकालाशी सहमत होते, पण त्यांनी आपले स्वतंत्र मत लिहिले आणि त्याच्या एका तळटिपेत पुरावा म्हणून एका वेबसाइटचा पत्ता दिला. पुढे त्या वेबसाइटच्या नावाची नोंदणी संपली. ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतले आणि तिथे वाचकांसाठी एक संदेश लावला. त्याचा आशय असा होता की, न्यायमूर्तींनी ज्या मजकुराचा हवाला दिला तो केव्हाच नाहीसा झाला आहे, आणि वेबवरचे दुवे किती अल्पायुषी असतात हे सांगण्यासाठी ही जागा कोणीही विकत घेऊ शकतो.

संदेश लावणारा सद्‌हेतूचा होता, हे सगळ्यांचे भाग्य. त्याच जागी त्याने जुन्यासारखा दिसणारा, पण उलट अर्थाचा मजकूर ठेवला असता, तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राला खोटा पुरावा जोडला गेला असता.

हे उदाहरण अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले दुवे तपासले. मूळ मजकुरापर्यंत नेणारे दुवे जेमतेम निम्मे निघाले. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आणि इतर काही कायदेविषयक नियतकालिकांत तर निकामी दुव्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. २०२४ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने एकूण वेबचा आढावा घेतला, तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर मिळेनाशी झाल्याचे दिसले.

पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, शोधनिबंध पाठवणारा प्राध्यापक आणि प्रकल्पवही पूर्ण करणारी पदवीची विद्यार्थिनी या तिघांचाही आज बराचसा पुरावा वेबवर असतो. तो नुसता सापडून भागत नाही. पुढच्या वाचकालाही तोच सापडला पाहिजे. ऑनलाइन संदर्भ देण्याच्या सगळ्या नियमांचे मूळ एवढ्या एका अपेक्षेत आहे.

गोगलगाय आणि कंसातले वर्ष

मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष द्यायचे, आणि बाकीचा तपशील शेवटच्या सूचीत ठेवायचा, ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत. तिचा सर्वात जुना ज्ञात नमुना म्हणून हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधाकडे बोट दाखवले जाते. निबंध होता बागेतल्या एका गोगलगायीच्या अंड्यांवर. पुढे या पद्धतीला ‘हार्वर्ड पद्धत’ असेच नाव पडले. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ मध्ये आपली नियमावली छापली. एपीए आणि एमएलए या पद्धती त्यानंतरच्या.

हे सारे नियम छापील कागदाच्या काळात घडले, आणि त्या काळी एक मोठी सोय होती. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा खंड आणि पृष्ठ सांगितले की काम भागत असे. पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे संदर्भात लिहावे लागत नसे. एकच खंड पुण्यात, मुंबईत, नागपुरात आणि लंडनमध्येही असे. एका ग्रंथालयातली प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरीकडची शाबूत राही, आणि पृष्ठ ४७ वर जे छापले आहे ते सगळीकडे तेच असे.

वेबच्या पत्त्याने ही सोय उलटी केली. यूआरएल मजकुराची ओळख सांगत नाही. तो फक्त कुठल्या संगणकावर, कुठल्या कप्प्यात ठेवला आहे तेवढे सांगतो. कप्पा बदलला की पत्ता मेला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच वेबसाइट चालवणाऱ्यांना विनवले होते की, पत्ते आपोआप बदलत नसतात, माणसे ते बदलतात, तेव्हा ते बदलू नका. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. २००९ मध्ये याहूने अमेरिकेतली जिओसिटीज ही सेवा बंद केली, आणि हौशी लोकांनी वर्षानुवर्षे उभी केलेली लाखो पाने मूळ जागेवरून गेली.

यात दोन वेगळे धोके आहेत, आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, दुवा मरणे. क्लिक केल्यावर ‘पान सापडले नाही’ असे दिसते आणि निदान वाचक सावध तरी होतो. दुसरा, मजकूर सरकणे. पान उघडते, रंगरूप तेच असते, पण आतला आकडा, वाक्य किंवा तारीख बदललेली असते. हा धोका अधिक वाईट, कारण तो लक्षातच येत नाही. मार्टिन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक या विषयांतले १९९७ ते २०१२ या काळातील ३५ लाखांहून अधिक लेख या दोन्ही अंगांनी तपासले. दर पाचांतला एक लेख बाधित निघाला. ज्या लेखांनी वेबवरच्या पानांचे हवाले दिले होते, त्यांच्यापुरते पाहिले तर हे प्रमाण दहांत सात होते.

पत्ता बदलला तरी क्रमांक तोच

यावर संशोधनपत्रिकांच्या जगाने शोधलेला उपाय म्हणजे डीओआय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो आकाराला आला, २००० पासून क्रॉसरेफ ही संस्था प्रकाशकांना तो देऊ लागली आणि २०१२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कल्पना सरळ आहे. लेखाला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो आज कुठे ठेवला आहे याची नोंद एका मध्यवर्ती यादीत करायची. पत्रिका दुसऱ्या प्रकाशकाने विकत घेतली, वेबसाइट नव्याने बांधली, तरी प्रकाशकाने यादीतली नोंद दुरुस्त केली की पुरे. संदर्भातला क्रमांक जुनाच राहतो आणि वाचक नव्या जागी पोहोचतो.

एक डीओआय जवळून पाहू. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना एप्रिल १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. त्या लेखाचा डीओआय १०.१०३८/१७१७३७ए० असा आहे. आरंभीचे १० ही सर्वच डीओआयची खूण. १०३८ हा ‘नेचर’च्या प्रकाशकाचा क्रमांक. तिरक्या रेघेनंतर १७१ हा खंड आणि ७३७ हे पृष्ठ. प्रत्येक डीओआय असा उलगडता येत नाही, कारण रेघेनंतरचा भाग कसा ठेवायचा हे प्रकाशकाच्या मर्जीवर असते. पण १९५३ चा कागदावर छापलेला लेख या ओळीने आज कुठूनही उघडता येतो.

इथे मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची असते. वर हा क्रमांक वाचण्यासाठी देवनागरीत छापला आहे. प्रत्यक्ष संदर्भसूचीत तो रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच ठेवावा लागतो. देवनागरी आकडे घातले की तो चालत नाही. प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात टाइप होत असेल, तर सबंध पत्ताच भलत्या चिन्हांत बदलून बसतो, आणि कागदावर छापून येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. डीओआयनंतर पूर्णविरामही देऊ नये. तो टिंब पत्त्याचाच भाग समजला जाण्याची शक्यता असते.

डीओआय असेल तर दुसरा पत्ता द्यायची गरज नाही, यावर आता बहुतेक पद्धतींचे एकमत आहे. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली. तिने डीओआय पूर्ण दुव्याच्या रूपात लिहायला सांगितले, आणि ‘अमुक ठिकाणाहून मिळवले’ ही जुनी शब्दावली काढून टाकली. एमएलएचा प्रवास अधिक वळणावळणाचा. २००९ च्या सातव्या आवृत्तीत यूआरएल देण्याचे बंधन तिने उठवले होते. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत तो द्यावा अशी शिफारस परत आली. म्हणून वरिष्ठांच्या जुन्या प्रबंधातली सूची नमुना म्हणून समोर ठेवताना, ती कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी केली आहे हे आधी पाहावे लागते.

मराठीतल्या पुष्कळ नियतकालिकांना आणि बहुसंख्य वेबपानांना डीओआय नाही. पण क्रमांकाची कल्पना इथेही उपयोगी पडते. महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासन निर्णय शेवटपर्यंत वाचला, तर अखेरच्या परिच्छेदात तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केल्याचे सांगून आकड्यांची एक लांबलचक ओळ दिलेली आढळते. तिला ‘संकेतांक’ म्हणतात. तिच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना आणि दिवस असतात. शिक्षण, शेती किंवा पाणीपुरवठ्यावर लिहिणाऱ्या संशोधकाने विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक यांच्या जोडीला हा संकेतांक दिला, तर संकेतस्थळाची मांडणी कितीही बदलली तरी निर्णय नेमका शोधता येतो. प्रबंधांत मात्र बहुधा नुसते संकेतस्थळाच्या मुख्य पानाचे नाव असते. तेवढ्यावरून हजारो निर्णयांतून हवा तो काढणे वाचकाला अशक्य होते.

क्रमांक नसेल तेव्हा

वर्तमानपत्राची बातमी, संस्थेचा अहवाल, एखाद्या अभ्यासकाची टिपणे, संग्रहालयाचे माहितीपान यांना कायमचा क्रमांक नसतो. तिथे चार गोष्टी शोधायच्या: कोणी लिहिले, केव्हा लिहिले, शीर्षक काय आणि ते कोणत्या मोठ्या स्थळाचा भाग आहे. पत्ता सर्वात शेवटी.

लेखकाचे नाव नसेल, तर पानाची जबाबदारी घेणारी संस्था लेखकाच्या जागी येते. पण नाव नाही असे ठरवण्याआधी पान तळापर्यंत वाचावे. मराठी विश्वकोशाची नोंद याचे उत्तम उदाहरण. तिथे नोंद लिहिणाऱ्याचे नाव शीर्षकाखाली येत नाही, नोंदीच्या शेवटी येते, आणि तेही आडनाव आधी अशा क्रमाने. अनेक विद्यार्थी पहिले दोन परिच्छेद वाचून ‘मराठी विश्वकोश’ एवढेच लिहितात. वास्तविक ती नोंद एखाद्या नामवंत अभ्यासकाची असते, आणि त्याचे श्रेय न देता त्याची वाक्ये वापरली जातात.

तारखेबाबतही अशीच गल्लत होते. पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काचे जे वर्ष दिसते ते बहुधा सबंध वेबसाइटचे असते, त्या लेखाचे नसते. लेखाची तारीख नसेल तर ‘दिनांक नाही’ असे सरळ लिहावे. बातमीत प्रथम प्रसिद्धीची वेळ आणि नंतर ‘अपडेट’ केल्याची वेळ अशा दोन नोंदी असू शकतात. त्यातली आपण वाचलेल्या मजकुराची कोणती ते पाहून घ्यावे लागते. छापील अंकातला मथळा आणि वेबवरचा मथळा वेगळा असतो, हेही नेहमीचे. वेबवर वाचले असेल तर वेबवरचाच मथळा द्यायचा.

पृष्ठक्रमांक नसलेल्या पानावरून अवतरण घेतले, तर परिच्छेदाचा क्रमांक किंवा उपशीर्षक सांगावे. व्याख्यानाच्या ध्वनिचित्रफितीतून वाक्य घेतले असेल, तर ते कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला आहे ते लिहावे. दीड तासाच्या भाषणातून एक वाक्य शोधायला वाचकाला लावणे म्हणजे संदर्भ न देण्यासारखेच आहे.

आता पत्ता. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून तो उचलून चिकटवला की काम झाले, असे वाटते. पण तिथे तीन सापळे असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून, सदस्यत्वाच्या आधारे लेख उघडला असेल, तर पत्त्यात ग्रंथालयाच्या लॉगिनचा भाग मिसळलेला असतो. बाहेरच्या वाचकाला तो पासवर्ड मागतो. समाजमाध्यमावरून लेखापर्यंत पोहोचले असल्यास पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर मागोवा ठेवणाऱ्या खुणांची शेपटी लागते. ती काढून पत्ता चालतो का ते पाहावे आणि चालला तर आखूडच द्यावा. तिसरा सापळा खास आपल्या लिपीचा. पत्त्यात देवनागरी शब्द असेल, तर चिकटवताना त्याचे टक्केचिन्हांच्या जंजाळात रूपांतर होते. दर अक्षरचिन्हामागे नऊ खुणा उमटतात. ‘पुणे’ हा शब्द संगणकाच्या हिशेबी चार चिन्हांचा आहे. पत्त्यात तो छत्तीस खुणांचा होतो. मराठी विकिपीडियावरचा पाच शब्दांचा मथळा अशा रीतीने चार ओळी खातो. तिथे प्रत्येक लेखाच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचा कायमचा दुवा मिळतो. तो दिल्याने पत्ता आटोपशीर होतो, शिवाय नंतर कोणी लेख बदलला तरी आपण वाचलेला मजकूरच वाचकासमोर येतो.

पत्ता नीट लिहिला तरी तो उद्या मरणारच नाही, याची हमी कोणी देत नाही. म्हणून वापरलेल्या पानाची प्रत त्याच दिवशी जतन करावी. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था सुरू केली. तिची ‘वेबॅक मशीन’ ही सेवा २००१ पासून सर्वांना खुली आहे. तिथे वेबपानांच्या वेगवेगळ्या दिवशीच्या प्रती साठवलेल्या असतात, आणि २०१३ पासून कोणालाही हवे ते पान स्वतः जतन करायला सांगता येते. मूळ पत्ता टाकायचा, बटण दाबायचे. तारीख आणि वेळ गुंफलेला नवा पत्ता मिळतो. हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने २०१३ मध्ये ‘पर्मा’ ही अशीच सेवा मुख्यतः न्यायालयीन आणि शैक्षणिक लेखनासाठी उभी केली. सूचीत मूळ पत्ता आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता असे दोन्ही द्यावेत. पान पाहिल्याचा दिनांक एपीए फक्त सतत बदलणाऱ्या मजकुरासाठी मागते, पण मराठी वेबस्थळांच्या बाबतीत तो नेहमीच देणे हिताचे, कारण तो दिनांक हाती असला की वेबॅक मशीनमधली नेमकी कोणती प्रत उघडायची हे वाचकाला समजते.

एकच ग्रंथ, अनेक रूपे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा संदर्भ महाराष्ट्रातल्या समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठीच्या कितीतरी प्रबंधांत असतो. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणातल्या विचारांवरून मतभेद झाले, अधिवेशनच रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण त्याच वर्षी स्वखर्चाने छापले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत महात्मा गांधींची टीका आणि तिला दिलेले उत्तर आले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत भारतातील जातींवरचा त्यांचा आधीचा निबंधही जोडला गेला. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली समग्र लेखनाचा पहिला खंड काढला, त्यात हा ग्रंथ आहे. २०१४ मध्ये नवयान प्रकाशनाची टीपांसह आवृत्ती आली.

वेबवर यातली अनेक रूपे भेटतात. शासनाच्या खंडाची पीडीएफ मिळते. कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस प्रिचेट यांनी सिद्ध केलेली वेब-आवृत्ती आहे. तिच्यात प्रत्येक विभागाला चौकटी कंसात आशय सांगणारे शीर्षक आहे, आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत. अभ्यासकाला हे क्रमांक फार सोयीचे. पण ती शीर्षके संपादकाने दिलेली आहेत. त्यांतले एखादे बाबासाहेबांचे वाक्य म्हणून कोणी उद्धृत केले, तर ते शब्द त्यांच्या तोंडी घातल्यासारखे होईल. याशिवाय कोणीतरी पुन्हा टाइप केलेले, प्रस्तावना गाळलेले, छपाईच्या चुका असलेले मजकूरही वेबवर फिरतात.

मग संदर्भ कसा द्यायचा? मूळ वर्ष आणि वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष अशी दोन्ही द्यायची: ‘आंबेडकर, १९३६/१९७९’. सूचीत खंडाचे नाव, संपादक, प्रकाशक लिहायचे आणि मग पीडीएफ कुठून घेतली ते. केवळ ‘आंबेडकर, २०१४’ असे लिहिले, तर १९५६ मध्ये निर्वाण पावलेल्या लेखकाच्या नावावर एकविसाव्या शतकातले पुस्तक पडते, आणि तो विचार कोणत्या काळात मांडला गेला हेच वाचकापासून लपते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचीही अशीच कथा. वेबवरचा तिचा मजकूर मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात घातला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तपासून सुधारला. श्लोक तिथून शोधणाऱ्याने पर्व, अध्याय, श्लोक हे आकडे द्यावेतच, आणि मजकूर त्या डिजिटल प्रतीतून घेतला हेही लिहावे. टंकनातला फरक उद्या निघाला तर तो कुठून आला हे कळेल.

विज्ञानात हा आवृत्तीचा प्रश्न प्रीप्रिंटच्या रूपाने येतो. परीक्षकांनी तपासण्याआधीच लेख जाहीर करण्याची सोय पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ या भांडाराने भौतिकशास्त्रज्ञांना दिली. ग्रिगोरी पेरेलमन यांनी पॉइनकारे अनुमानाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये तिथेच ठेवली, कोणत्याही पत्रिकेत छापली नाही. तिचा हवाला आजही भांडारातल्या क्रमांकानेच देतात. याउलट, ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी करोना विषाणूचे एचआयव्हीशी साम्य असल्याचा दावा करणारा प्रीप्रिंट जाहीर केला आणि जगभरातून आक्षेप आल्यावर दोनच दिवसांत तो मागे घेतला. दोन्ही प्रीप्रिंटच. म्हणून सूचीत ‘प्रीप्रिंट’ हा शब्द आणि आवृत्तीचा क्रमांक लिहायचा, आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाचा लेख एकदा पुन्हा उघडून तो मागे घेतला गेला आहे का ते पाहायचे.

न वाचलेल्याचा हवाला

संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून जसाच्या तसा उचलण्याची सवय वेबने अधिक सोपी केली, पण ती जुनी आहे. मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये तिचे मोजमाप करण्याची नामी युक्ती काढली. १९७३ च्या एका प्रसिद्ध भौतिकशास्त्रीय लेखाचे ४,३०० हवाले त्यांनी पाहिले. त्यातल्या १९६ हवाल्यांत चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पृष्ठक्रमांकातली एकच चूक तर तब्बल ७८ वेळा आली होती. मूळ लेख उघडून पाहणाऱ्या ७८ जणांकडून तीच चूक होणे संभवत नाही; ती एकाने केली आणि इतरांनी उतरवून घेतली. या हिशेबावरून, हवाला देणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्साच मूळ लेख वाचत असावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

२०१७ मध्ये अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी समोर आणलेली हकिकत याहून थक्क करणारी आहे. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत, संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक लेख दिला होता. विज्ञानलेख लिहिण्याच्या कलेवरचा, २००० सालचा. तसा लेख नाही, तशी पत्रिकाही नाही. तरीही सुमारे ४०० शोधनिबंधांच्या सूचीत तो खरा लेख म्हणून जाऊन बसला.

आणि विकिपीडियातून जन्मलेली फेरी तर वर्तुळासारखी फिरते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे एक टोपणनाव मनाने घातले. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते वापरले, एका विद्यापीठीय प्रकाशनाच्या पुस्तकातही ते आले, आणि मग त्याच छापील उल्लेखांच्या आधारे ते नाव विकिपीडियात पक्के झाले. २०१४ मध्ये ही गोष्ट उघड झाली. विश्वकोशीय पानावर माहिती मिळाली, तर तिथल्या तळटिपेतला स्रोत उघडायचा, तो वाचायचा आणि त्याचाच हवाला द्यायचा, हा नियम यासाठीच आहे. मूळ ग्रंथ खरोखर मिळतच नसेल, तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहिणे पूर्णपणे मान्य आहे.

संदर्भ दिला की नक्कल माफ होते, हाही एक गैरसमज. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. आणि त्याच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. पण वेबवरचा परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय तसाच ठेवून शेवटी कंसात नाव दिले, तर ते अवतरण ठरत नाही. शब्दही आपलेच असल्याचा दावा ठरतो.

यंत्राने सुचवलेले ग्रंथ

चॅटजीपीटीसारख्या साधनांनी या सगळ्यात नवी भर घातली आहे. ही साधने मागितल्याबरोबर लेखक, शीर्षक, पत्रिका, खंड, पृष्ठ असा सुबक संदर्भ लिहून देतात. तो खऱ्यासारखा दिसतो, कधी खरा असतोही. कधी मात्र लेखक खरा, पत्रिका खरी आणि लेखच नसलेला, असा निघतो. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी अशा साधनाने दिलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले सादर केले आणि न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकराच्या एका आकारणीचे प्रकरण आले. आकारणीच्या आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठेच सापडत नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला, प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवले, आणि यंत्राने पुढे केलेले दाखले पडताळल्याशिवाय वापरू नयेत असे बजावले.

साधनाची मदत घेतली असेल, तर कोणते साधन, केव्हा आणि कशासाठी वापरले ते लिहावे, असे आता प्रमुख पद्धती सांगतात. एमएलए त्याला लेखकाचा दर्जा देत नाही. पण त्याने सुचवलेल्या ग्रंथाचा हवाला द्यायचा असेल तर त्याआधी चार ठिकाणी चौकशी करावी. डीओआय दिला असेल तर तो उघडून त्याच लेखावर जातो का, हे पाहावे. पत्रिकेच्या स्थळावर त्या खंडाची अनुक्रमणिका काढून ते पृष्ठ कोणाच्या लेखाचे आहे ते तपासावे. भारतीय प्रबंध असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात शीर्षक टाकावे. मराठी पुस्तक असेल तर मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत लेखक आणि प्रकाशनवर्ष जुळते का, ते बघावे. यांतल्या एकाही ठिकाणी ज्याचा माग लागत नाही ते शीर्षक सूचीतून काढावे, आणि त्याच्या भरवशावर प्रबंधात लिहिलेले वाक्यही.